दोन औषधांतलं जुनं

आई,

तुला सांगायचं एकच राहिलंय, तेवढंच लिहिते. ती दोन औषधं होती ना, त्यांतलं नवीनच सरस निघालं. ते कळलं तेव्हा तुला जाऊन बरीच वर्षं झाली होती.

तू रामवाडीहून गणपतीच्या कारखान्यात जायचीस, मूर्तींचे डोळे रेखायला. छातीतली गाठ ऐन सीझनला हाताला लागली आणि तू कुणाला बोलली नाहीस. आपण मुंबईच्या इस्पितळात पोचलो तेव्हा ती काखेपर्यंत गेली होती. तिथल्या डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून तुझ्यासमोर बसल्या. "मावशी, एक नेहमीचं औषध आहे. दुसरं नवीन आहे, त्याचा अभ्यास चाललाय. तुमची तयारी असेल तर त्यात नाव घालू. मात्र कुणाला कुठलं द्यायचं ते कॉम्प्युटर ठरवणार, मी नाही." तू विचारलंस, "म्हंजे चिठ्ठी टाकल्यागत?" त्या म्हणाल्या, "हो. नवीन खरंच चांगलं आहे का, हे आम्हालाही अजून ठाऊक नाही. तेच तर शोधायचंय." तू व्हय म्हणालीस. तुला नवीन हवं होतं, ते तुझ्या चेहऱ्यावर लख्ख दिसत होतं.

तुझ्या वाट्याला जुनं आलं.

परतीच्या एसटीत आपण खारपाड्याच्या पुलावर आहोत. मी म्हणते, "नाव काढून घेऊ आपण." तू खिडकीबाहेर बघत म्हणतेस, "काढून जाऊ कुठं? नवा बाहेर मिळतोय थोडाच! आन जिला जुना आला ती परतेक बाई उठून गेली, तर त्यांना कळंल कसं गो?" हे म्हणालीस आणि पदर तोंडाला लावून रडलीस. तू धीराची होतीस असं लोक अजून म्हणतात. मला मात्र तो पदर आठवतो.

तुझ्या शेजारच्या खाटेवर कासू गावची एक बाई असायची, तिला नवीन मिळालं होतं. तू तिला घरची भाकरी द्यायचीस आणि मला हळूच सांगायचीस, "तिची गाठ बारकी झाली बघ." तुझी झाली नाही. ती बाई आज आहे. तिच्या नातवाच्या बारशाचं बोलावणं आलं तेव्हा मी गेले, जेवले, आणि येताना गाडीत बसल्यावर तुझं आजचं वय मोजत राहिले.

मी नर्स झाले. लग्न होऊन रोह्याला आले, आणि आता पनवेलच्या एका इस्पितळात अशाच अभ्यासांचं काम बघते. समोर बायका बसतात, मी त्यांना आताच्या अभ्यासातली दोन औषधं समजावते. गेल्या आठवड्यात रोह्याचीच एक बाई आली होती. तिच्या नवऱ्याने विचारलं, "सिस्टर, खरा सांगा. तुमच्या आईला ठेवला असता का ह्याच्यात?"

"ठेवलं होतं," मी म्हणाले.

"मग?"

"ती गेली. तिला जुनं औषध आलं होतं. पण तिच्यासारख्या बायका अभ्यासात टिकून राहिल्या, म्हणून नवीन चांगलं हे कळलं. आज ते सगळ्यांना देतात."

त्याने बायकोकडे बघितलं. तीच म्हणाली, "घाला माझा नाव."

आमच्या कामात मनानेही कुठल्या औषधाची बाजू घ्यायची नसते. नव्या औषधाने पेशंटचे हाल झालेलेही मी पाहिलेत. तरी औषध ठरवणारं कॉम्प्युटरचं बटण दाबताना मी दर वेळी मनात नवीनच मागते, त्या रोह्याच्या बाईसाठीही मागितलं. तिला मिळालं. ती माझा हात धरून हसली, मीही हसले, आणि क्षणभर मला तिचा राग आला, आई. हे दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही.