आठव्या दिवसाचं नाव

लाडके आई,

मी ठणठणीत आहे, आधी हे वाच. किगालीच्या दवाखान्यात आहे. उद्या सकाळी ऑपरेशन करून बाळ काढणार. थोडं लवकर होतंय, पण चालतं म्हणे.

तू विचारतेस, बुरुंडी बरं की रवांडा? इथे फोन केला आणि अँब्युलन्स आली. तिकडे आपली स्पेसताई बाळंतपणात अँब्युलन्सच्या पेट्रोलची वाट बघत गेली. म्हणून मी इथेच थांबले, रागावू नकोस. पण इथे तू नाहीस, आणि सरहद्द बंद.

नर्सने विचारलं, "सोबत कोण?" सवयीने तुझंच नाव सांगितलं. शेजारीण मुकांदोली म्हणाली, "म्हातारी काय सरहद्दीवरची अकान्यारू नदी पोहून येणार?" हसली, पण रात्रभर थांबणार आहे.

शेळी व्याली का?

इथे घरी सोडायच्या आधीच कॉम्प्युटरात बाळाचं नाव लागतं. मी सांगितलंय, आमच्यात आजी ठेवते, आठव्या दिवशी. तोवर हलणार नाही. हे पत्र आणणारा फिडेल ट्रकवाला टांझानियावरून फिरून आठवड्यात इकडे परततोय. त्याच्याकडे मुलाचं एक, मुलीचं एक, अशी दोन नावं दे.

अक्षर मोठं काढ. मी नसले, तर मुकांदोलीला वाचता यायला हवं.

तुझी,
कारितास