माझ्याच फोटोत मी

अ‍ॅमस्टरडॅम, ११ मार्च १९९९

प्रिय हिलेताई,

धाकट्या भावाचा नमस्कार. तुझा गुडघा आणि दाजींचा रक्तदाब, दोन्ही ठिकाणावर असतील अशी आशा आहे. तू पाठवलेल्या ज्येष्ठमधाच्या खारट काळ्या गोळ्या पोचल्या. डॉक्टरांनी बंद केल्यात, म्हणून उभ्याउभ्याच खातो (बसून खाल्लं की खाल्ल्यासारखं वाटतं). तब्येत ठीक आहे. डोकं तेवढं ठीक नाही, आणि ते कसं बिघडलं हे सांगायलाच लिहितोय.

इथल्या एका संग्रहालयाने माझ्या आयुष्यभराच्या कामाचं प्रदर्शन मांडायचं ठरवलंय, हे तुला फोनवर सांगितलंच होतं. (तू "अजून जिवंत असताना?" असं विचारलंस, ते मी मनावर घेतलेलं नाही.) त्यासाठी संग्रहालयातली फेम्के नावाची एक हुशार बाई महिनाभर माझ्याकडे येऊन खोकी उपसत होती. तिला माझं चरित्रही लिहायचं होतं, आणि मला ते धड सांगता येईना. फोटोग्राफर कसे झालात म्हणून विचारलं, तर मी म्हटलं, बाबांच्या बेकरीत मी पाव करपवायचो, म्हणून त्यांनीच मला रस्त्यावर पिटाळलं. तिने लिहिलं, 'लहानपणापासून रस्त्याची ओढ'. मग माझ्या त्या सिनेमाबद्दल विचारलं, ज्यात चाळीस मिनिटं लोक थांब्यावर उभे आहेत आणि ट्राम येतच नाही. मी म्हटलं, त्या दिवशी संप होता, आणि ते ना मला माहीत होतं ना त्यांना. तिने लिहिलं, 'प्रतीक्षेचं महाकाव्य'. तिच्या कागदावरचा तो माणूस हळूहळू मला आवडायला लागला होता. ओळख मात्र पटत नव्हती.

मग आला तो पोलिसाचा फोटो. त्रेसष्ट सालच्या त्या जीवघेण्या थंडीतला. प्रिन्सेनग्राख्तचा कालवा गोठलेला, पुलाखाली बर्फ पातळ आहे म्हणून लोकांना हाकलायला आलेला पोलीस स्वतःच घसरून बसलाय, आणि समोरून स्केटवर चाललेल्या पाद्रीबुवांना बसल्याबसल्या सॅल्यूट ठोकतोय. त्या एका फोटोमुळे मला वर्तमानपत्रात नोकरी लागली, नोकरीमुळे चांगला कॅमेरा आला, कॅमेऱ्यामुळे सिनेमे, आणि सिनेमांपायी टक्कल. माझं सगळं आयुष्य त्या पोलिसाच्या बुडावर उभं आहे म्हण ना.

वर्तमानपत्राने तेव्हा फोटोची डावी कड कापली होती आणि पुढे छत्तीस वर्षं सगळ्यांनी तो तसाच छापला. फेम्केने मूळ निगेटिव्हवरून अख्खा फोटो भिंतीएवढा मोठा करून घेतला आणि मंगळवारी मला दाखवायला नेलं. मी भारावून बघत होतो (पोलिसाच्या मिशीवरचा बर्फसुद्धा दिसतो आता), तर ती डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवून उभी. तिथे सूपवाल्याच्या टपरीपाशी एक काटकुळा तरुण आहे. हातात वाटाण्याच्या सुपाचा वाडगा, डोक्यावर आईने विणलेली ती भयंकर पट्ट्यापट्ट्यांची टोपी, तोंड उघडं, आणि बघतोय भलतीकडेच.

"लुबर्टकाका, हे तुम्हीच ना?"

"मीच."

"मग फोटो कोणी काढला?"

ताई, हा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता. मुलाखतींत सगळे विचारतात, कसा काढला (त्याचं उत्तर पाठ आहे: श्वास रोखून). मी म्हटलं, तो माझा जुळा भाऊ असेल. ती म्हणाली, तुम्हाला एकच बहीण आहे असं तुम्हीच सांगितलंत. मी म्हटलं, थंडीने कॅमेऱ्याचं बटण कधीकधी आपोआप दबतं. त्यावर तिने नुसती वही मिटली. ते मला फार लागलं. दोन दिवस आठवत बसलोय. पोलीस घसरताना मला लख्ख दिसतो, पण तो मी डोळ्यांनी पाहिला की नंतर फोटोत, हे काही केल्या उमगत नाही. सुपाने जीभ भाजली होती, ते मात्र पक्कं आठवतंय.

बाकी सगळं क्षेम. दाजींना सांग, मीठ कमी खा.

तुझा गोंधळलेला,
लुबर्ट

ता.क. सूप आणायला जाताना कॅमेरा मी तुझ्या गळ्यात अडकवला होता आणि कशालाही हात लावू नकोस असं बजावलं होतं. तू हात लावलास का? खरं काय ते कळव, रविवारच्या आत. उद्घाटन आहे.

ता.क. २. पाकीट चिकटवून पुन्हा उघडलं. माझा प्रश्नच मूर्खपणाचा होता. तू जन्मात माझं एकदाही ऐकलेलं नाहीस. फेम्केला फोन करून फोटोखाली तुझं नाव घालायला सांगितलं. रविवारी दोघंही या. हे सांगताना वाटलं होतं तेवढं वाईट वाटलं नाही, आणि तेही का, ते कळत नाही.

ता.क. ३. फेम्के विचारतेय, मग तुमचा स्वतःचा सर्वांत चांगला फोटो कोणता? तेव्हापासून खोकी धुंडाळतोय. तुला एखादा सुचला तर कळव. पण तो काढला त्या दिवशी तू बरोबर नव्हतीस ना, एवढं आधी आठवून बघ.