दोरी माझ्या हातात होती

प्रिय धाकटीस,

तुला पत्र लिहायची माझी ही पहिलीच वेळ. दर गुरुवारी दुपारी मी तुझ्या स्वयंपाकघरात येऊन बसते, मग पत्र लागतं कशाला? पण ही गोष्ट तोंडाने सांगायला गेले की तू मध्येच म्हणतेस, "जाऊ द्या हो जाऊबाई, आधी चहा घ्या," आणि मी चहा घेते, आणि आणखी एक गुरुवार जातो. एकोणीस वर्षं असेच गुरुवार गेले. कागद काही चहा विचारत नाही, म्हणून कागद घेऊन बसले आहे. देवासमोर बसूनच लिहिते आहे, म्हणजे मधेच खोटं लिहावंसं वाटलं तर मान वर करून बघावं लागेल.

गेल्या गुरुवारी तू भाजी चिरत होतीस. भिंगरीने जुनी शिडाची होडी विकत घेतली हे सांगताना तू सुरी फळीवर अशी आपटलीस की गाजराचा तुकडा उडून माझ्या मांडीवर पडला. म्हणालीस, "जिथे बाप गेला तिथेच पोरगी निघाली. ऐकायची नाहीच म्हणते. मग मीही सांगितलं, कुणाकडेही शीक, त्या एका माणसाकडे शिकायचं नाही." तो एक माणूस म्हणजे माझा नवरा. त्यांचं नाव तुझ्या तोंडून मी एकोणीस वर्षांत ऐकलं नाही. तू आमच्या उंबऱ्याला पाय लावत नाहीस, ते तुझ्या गल्लीतून जात नाहीत, आणि मी मधल्यामध्ये डबे नेते, डबे आणते. त्या दिवशीही मी गाजराचा तुकडा उचलून परत फळीवर ठेवला आणि गप्प राहिले. माझं गप्प राहणं तुला माझा समंजसपणा वाटतो. तो समंजसपणा नाही गं.

आता क्रमाने सांगते. तुला माहीत आहे त्यातलंही सांगते, कारण त्यातलं बरंचसं चुकीचं माहीत आहे.

आपण शिडं शिवायचा धंदा करत होतो. दोघे भाऊ कापायचे, मी काठ शिवायचे. त्या दिवशी कापड आणायला आम्ही तिघं खाडीपलीकडे गेलो होतो. भिंगरी दोन वर्षांची होती, तिला ताप होता, म्हणून तू घरी थांबलीस. खरं तर माझंही जायचं काम नव्हतं. पण नेहमीचा गडी आला नाही आणि फेरीबोटीने गेलो तर कापडाच्या गाठोड्याचंही तिकीट पडतं, म्हणून मीच म्हटलं, मी येते, शिडाची दोरी धरायला मला येतेच की. हवा चांगली असताना यायचीच. ह्यांनीच शिकवली होती. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, ही दोरी म्हणजे घोड्याचा लगाम. ती कुठे बांधायची नाही, हाताला गुंडाळायची नाही आणि सोडायची तर कधीच नाही. हात सोलला तरी हळूहळू द्यायची, हळूहळू घ्यायची.

परत निघायच्या वेळी दक्षिणेकडे आभाळ शाईची दौत सांडल्यासारखं झालं होतं. पलीकडचे कोळी होड्या वर ओढत होते. हे म्हणाले, आज इथेच राहू, सकाळी निघू. आणि मी म्हटलं, अकरा वर्षांत माझी संध्याकाळची प्रार्थना घरच्या देवापुढे चुकली नाही, आज चुकवू? हे मी म्हटलं, धाकटे. भाऊजी, तुझा नवरा, ते तर मस्करेच. म्हणाले, "चल रे दादा, वहिनींचा देव घड्याळ लावून बसलाय. उशीर झाला तर आपल्याच नावाने बोंब मारेल." आणि आम्ही निघालो.

अर्धं पाणी कापेपर्यंत बरं होतं. मग वारा आला नाही, कोसळला. गच्चीवरून कुणी लोखंडी पत्रा ढकलून द्यावा तसा आवाज झाला आणि होडी आडवीच झाली. माझा डावा खांदा पाण्यात गेला. दोघा भावांनी शीड अर्धं खाली घेऊन गुंडाळून बांधलं. त्या गुंडाळणाऱ्या हातांवर शीड चाबकासारखं फडकत होतं. भाऊजींच्या भुवईवर फटका बसून रक्त डोळ्यात आलं, तर ते बाहीने पुसत म्हणाले, "काठ पक्के शिवलेत हो वहिनी, उसवत नाहीत मेले." पाऊस आडवा लागत होता, खडे मारल्यासारखा. लाट मागून यायची, होडीची शेपटी उचलायची, आणि आम्ही उतारावरून गाडी सुटावी तसे खाली जायचो. खाली गेलं की नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, पाण्यात घुसायची आणि गुडघाभर समुद्र आत यायचा. भाऊजी बादलीने उपसत होते. बादलीचा कान तुटला तर ते बादली पोटाशी धरून उपसू लागले. सुकाणूचा दांडा ह्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरला होता आणि प्रत्येक लाटेला तो दांडा त्यांच्या बरगड्यांत बसत होता. दोन बरगड्या मोडल्या होत्या हे पुढे कळलं. तेही डॉक्टरने सांगितलं म्हणून.

बंदराच्या तोंडाशी खडक आहेत ते तुला ठाऊक आहेत. ते चुकवायचे तर शीड एका बाजूचं दुसऱ्या बाजूला घ्यावं लागतं. वारा पाठीमागे असताना ते फार वाईट काम. शिडाखालचा आडवा दांडा, माझ्या मांडीएवढा जाड, आधी दोरीने ओढून होडीच्या मध्यावर आणायचा, तिथे घट्ट धरायचा, मग सुकाणू फिरवायचं, मग दोरी दुसऱ्या बाजूला सोडत जायची. दांडा मध्यावर धरलेला असला तर तो हातभर सरकतो. धरलेला नसला तर एका बाजूच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कुऱ्हाडीसारखा येतो. हे ओरडले, "ओढ!" मी ओढली. पाय समोरच्या फळीला लावून, दात खाऊन ओढली. दांडा मध्यावर आला. भाऊजी खाली वाकले होते. हे ओरडले, "धर!" आणि सुकाणू फिरवलं.

तेव्हा मी मागे बघितलं. बघायचं नव्हतं, ह्यांनी सांगून ठेवलं होतं की दोरी धरणाऱ्याने मागे बघायचं नाही. मागे एक भिंत उभी होती. काळी, वर पांढरी, आणि ती आमच्यावर वाकत होती. धाकटे, माझ्या हातात दोरी होती, आणि मी हात जोडले.

एवढंच आहे. याच्यापुढे कुणी कसंही सांगितलं तरी एवढंच आहे. मी घाबरून हातपाय गाळले नाहीत, माझा हात निसटला नाही. मी देवाला हात जोडले, आणि हात जोडायला दोरी सोडावी लागते. दांडा मोकळा सुटून बाहेर गेला. दोरी सळसळत निघाली तेव्हा मी भानावर येऊन पुन्हा पकडायला गेले. ती माझे तळहात सोलून निघून गेली. भाऊजींना वाटलं दांडा मध्यावर धरलेला आहे, त्याचा हातभर धक्का येऊन गेला. ते बादली रिकामी करायला उठले. सुकाणू फिरलेलंच होतं. वाऱ्याने शीड पलीकडून धरलं आणि दांडा परत आला. तो आवाज मी कुणाला सांगितलेला नाही. तुलाही नाही सांगणार.

ते पाण्यात गेले. ह्यांनी सुरीने शिडाची वरची दोरी कापली, शीड कोसळलं, होडी निम्मी भरून गोल फिरू लागली. ह्यांनी दुसरी दोरी कमरेला बांधली, टोक माझ्या हातात दिलं, "सोडू नकोस," एवढंच म्हणाले आणि पाण्यात उडी घेतली. ती दोरी मी सोडली नाही. ती हाडाला लागली तरी सोडली नाही. दोघांना ओढून आत घेतलं ते मीच, पण त्याचं मला कुणी कौतुक सांगू नये. होडी आपणहून खडकांच्या बाजूने आत फेकली गेली. दोन वेळा तळ घासला, फळी फुटली, आणि बंदराच्या लाँचने आम्हाला धरलं. भाऊजींचं डोकं माझ्या मांडीवर होतं. धक्क्याच्या पायऱ्यांपर्यंत श्वास होता. तुला मी सांगितलं होतं की त्यांनी तुझं नाव घेतलं. नाही घेतलं. काहीच बोलले नाहीत. आज सगळंच सांगायचं तर तेही सांगितलं पाहिजे.

धक्क्यावर गर्दी होती, तू अनवाणी धावत आलीस. मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, "सुकाणू माझ्या हातून चुकलं." सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. तू पायरीवरची नांगराची साखळी उचलून त्यांच्या तोंडावर मारलीस. ओठ फाटून दोन दात पडले. ते हात वर न करता उभे राहिले. तू पुन्हा मारलीस. लोकांनी तुला धरलं, त्यांना कुणी धरलं नाही. कुणी थुंकलं, कुणी "भाऊ खाल्लास" म्हणालं. आणि माझे सोललेले तळहात बघून लोक म्हणाले, बाईने बघा, शेवटपर्यंत दोरी सोडली नाही. बाराव्या दिवशी तू स्वतः ते हात कोमट पाण्याने धुतलेस, मलम लावलंस, वर फुंकर घातलीस. नवरा गेलेली तू माझ्या हातावर फुंकर घालत होतीस आणि मी घालू दिली.

मी ह्यांना म्हटलं होतं, मी जाऊन खरं सांगते. आधी तर ते ऐकूनच घेईनात. मग म्हणाले, "तिला माहेर नाही. पोर दोन वर्षांचं. तिला तू लागणार आहेस, मी नाही. माझ्यावर राग धरून ती जगेल. तुझ्यावर धरला तर तिच्याकडे येणार कोण?" मला ते पटलं. पटलं की सोयीचं वाटलं, ते देव जाणे. मी रोज त्याला विचारते. तो माझ्यासारखाच गप्प राहतो. हे त्यानंतर होडीत चढले नाहीत. लोकांनी आमच्या शिडांच्या दुकानाच्या काचा दोनदा फोडल्या, दोन्ही वेळा त्यांनीच झाडून काढल्या.

आता या गुरुवारी मी का आले नाही ते. सोमवारी भिंगरी दुकानात आली होती. तुला न सांगता. शीड दुरुस्तीला घेऊन आली, ह्यांच्यासमोर पाटावर बसली आणि म्हणाली, "मोठे बाबा, येत्या रविवारी मी एकटी पलीकडे जाऊन येणार. आईला राग यायचा तो येऊ दे, तुम्ही मला शिकवा." डोळे अगदी बापाचे. ह्यांनी सुई खाली ठेवली आणि त्या पोरीच्या तोंडावर तेच खोटं पुन्हा सांगितलं, "माझ्याकडून नको. तुझ्या बापाच्या वेळी माझं सुकाणू चुकलं होतं." ती म्हणाली, "मग माझी मीच शिकेन, थोडंफार येतंच मला," आणि दोरी कशी धरते ते मला दाखवलं. दोन वेढे तळहाताला, धाकटे. घट्ट. जोराचा वारा आला तर ती दोरी सुटणारच नाही, होडी उलटताना पोरीला बरोबर घेऊन जाईल. ह्यांनी ते बघितलं, आणि तरीही खाली ठेवलेली सुई पुन्हा उचलली. कारण तू नको म्हटलं आहेस, आणि तुझा शब्द मोडायचा हक्क आपल्याला नाही असं ते समजतात. माझ्या एका खोट्यापायी या किनाऱ्यावरचा सगळ्यात चांगला हात सुई घेऊन बसला आहे, आणि तुझी पोर वेढे घालते आहे. हे पत्र त्यांना माहीत नाही. खाली दुकानात ते तिचं शीड शिवत आहेत, काठाला तिहेरी शिवण घालत आहेत. तू ये, साखळी घेऊन आलीस तरी ये. यावेळी मी पुढे उभी असेन. राग माझ्याकडे वळव आणि रविवारच्या आत पोरीला त्यांच्याकडे पाठव.

म्हणू दिलंस तर,
तुझीच,
थोरली