कोलमडायला तयार नसलेले यंत्र आणि हिरवा पुडा

प्रति,
मा. संचालक,
पूरपंप नियंत्रण परीक्षण केंद्र,
सिंचू.

विषय : यंत्र क्र. ७ वर ठेवलेला मक्याच्या खाऊचा हिरवा पुडा लेखी आदेशाने अन्यत्र हलविणेबाबत.

संदर्भ : आपले दि. १ ऑक्टोबरचे पत्र (“महिनाअखेर एकही दोष न सापडल्यास चाचणी कक्ष बंद करण्यात येईल”).

अर्जदार : श्यू वेन-ल्यांग, वरिष्ठ परीक्षक, चाचणी कक्ष (एकूण कर्मचारी : एक).

महोदय,

खालील मजकुरावर आपण विश्वास ठेवणार नाही, हे अर्जदार आधीच लिहून देतो. वादळात उडालेली अर्जदाराची स्कूटर आपल्या आपण वाहनतळात, तेही पांढऱ्या रेघांच्या आत, येऊन उभी राहिली होती; त्यावरही कोणी विश्वास ठेवला नाही. या खेपेस मात्र अक्षर न् अक्षर खरे आहे.

१. पूरपंप चालवणाऱ्या संगणक-प्रणालीचा जो गाभा, म्हणजे कर्नेल, त्यातले दोष शोधणे हे अर्जदाराचे काम. खऱ्या पंपावर हा खेळ केला तर निम्मे शहर पाण्यात जाईल. म्हणून यंत्र क्र. ७ च्या पोटात दुसरे, भासमान यंत्र उभे केले आहे. त्यात गाभा चालू करायचा आणि त्याच्यावर सेकंदाला शेकडो वेडेवाकडे हुकूम सोडायचे : नसलेली फाइल बंद कर, बंद केलेली पुन्हा बंद कर, उणे चार अक्षरे वाचून दाखव. कधीतरी गाभा बावचळतो, कोलमडतो आणि जाता जाता कुठे दुखले ते संदेशखिडकीत लिहून जातो. तोच आपला दोष. थोडक्यात, बाहेरचे यंत्र धडधाकट राहावे आणि आतले पडावे, यासाठी शासन अर्जदारास पगार देते. आतल्या यंत्राची प्रत्येक जोडणी, संदेशखिडकी धरून, अर्जदाराने जातीने तपासून पहिल्या दिवसापासून चालू ठेवली आहे.

२. दि. २ रोजी काम सुरू झाले. त्याच दिवशी आपल्या मजल्याची साफसफाई पाहणाऱ्या चान मावशी खोलीत आल्या आणि किंचाळल्या, “अगं बाई! यंत्राच्या डोक्यावर पुडा नाही? केस पिकले तरी अक्कल आली नाही तुम्हाला, श्यू काका! उघडं-नागडं यंत्र चालवताय?” आणि त्यांनी खिशातून हिरवा पुडा काढून यंत्रावर ठेवला. त्यावर ‘शहाण्यासारखं वाग’ असे छापलेले असते आणि तो डोक्यावर असला की यंत्र बिघडत नाही, असा सर्वांचा विश्वास आहे. पुडा हिरवाच हवा, मुदतीतला हवा आणि कोणी खायचा नाही, हे आपणांस सांगणे नको. आपल्या प्रिंटरवर दोन आहेत, तरी तो कागद खातो, ही गोष्ट निराळी.

अर्जदाराने हात जोडून सांगितले, “मावशी, माझं यंत्र शहाण्यासारखं वागलं तर माझी नोकरी जाईल.” त्यावर त्या म्हणाल्या, “बाहेरचं पडलं तर आत्ताच जाईल. गप बसा.”

३. परिणाम असा की, आज तेविसावा दिवस, दोषांच्या रकान्यात शून्य. उलट आतले यंत्र दिवसातून शंभरेक वेळा आपण होऊन नव्याने उठून बसते आणि ताज्या दमाने हुकूम झेलू लागते. अशी ठणठणीत तब्येत अर्जदाराने आजवर एकाही गाभ्याची पाहिलेली नाही.

४. अर्जदार हातावर हात ठेवून बसला नाही. यंत्रे बिघडवतो म्हणतात तो पिवळा पुडा आणून हिरव्याशेजारी ठेवला. त्या मिनिटाला उद्वाहन दोन मजल्यांच्या मध्ये अडकले, कॉफीच्या यंत्रातून सोयाबीनचे दूध येऊ लागले आणि हिशेब विभागातील तीन माणसांना एकदम उचकी लागली. आतले यंत्र मात्र ढिम्म. मग पुडा आतपर्यंत पोचत असेल तर उतारही आतच हवा, या विचाराने पिवळ्या पुड्याचा फोटो काढून भासमान यंत्राच्या भासमान डिस्कवर ठेवला. त्याने फोटो उघडला, बंद केला, पुन्हा बंद केला आणि कामाला लागले.

शेवटी अर्जदार कोपऱ्यावरच्या भूमिदेवाच्या देवळात वाळवलेली पर्सिमॉन फळे घेऊन गेला. “पुड्यामुळेच ना, देवा?” असे विचारून कौलाचे ठोकळे टाकले. दोन्ही उताणे. म्हणजे देव हसला. पुन्हा टाकले, पुन्हा हसला. तिसऱ्यांदा पुजारीही हसू लागला, तेव्हा अर्जदार फळे तिथेच ठेवून परत आला.

५. कक्ष बंद झाल्यास अर्जदाराची रवानगी तळमजल्यावर, पाहुण्यांना सपाता देण्याच्या खिडकीवर होणार, असे तोंडी कळले आहे. सपाता मोजायला अर्जदाराची ना नाही. परंतु या गाभ्यात दोष आहे, हे अर्जदाराची हाडे सांगतात. आणि निर्दोष असा शिक्का बसून तो पंपात गेला, तर पुढच्या वादळात त्या सपाता पाहुण्यांपर्यंत पोहत जातील.

६. पुडा हलवायला केंद्रात कोणी धजत नाही. सुरक्षारक्षक म्हणाला, “साहेबांची सही आणा, काका, मग मी डोळे मिटून उचलतो.” तरी हिरवा पुडा यंत्र क्र. ७ वरून आपल्या प्रिंटरवर हलविण्याचा आदेश व्हावा (तिथे तिसऱ्याची गरज आहे), आणि चान मावशींना त्या खोलीत खाऊ नेण्यास मनाई व्हावी, ही विनंती.

७. ज्या कर्मचाऱ्याविरुद्ध तक्रार आहे त्यास अर्ज आधी वाचून दाखवावा, असे आपले परिपत्रक आहे. त्यानुसार वरील मजकूर आज दुपारी आवक खिडकीपाशी चान मावशींना वाचून दाखवला. फरशी पुसण्याचा दांडा टेकून त्यांनी शांतपणे ऐकला, आणि मग रांगेतल्या अकरा जणांसमक्ष जे म्हणाल्या ते नोंदवणे अर्जदारास भाग आहे :

“खोटं! धडधडीत खोटं! संदेशखिडकी चालू ठेवली म्हणे! पहिल्याच दिवशी, ‘अर्धा पडदा अडवून बसलीय, बेसबॉल बघू देत नाही’ म्हणून तुम्हीच ती बंद केलीत. शेजारचा पडदा पुसत होते मी! आणि काय हो काका, दिवसातून शंभर वेळा उठून बसतं ना ते? मग शंभर वेळा पडत असेल की! पडल्यावाचून उठतंय कशाला?”

अद्याप आपलाच, आणि पूर्वीपेक्षा पुष्कळच नम्र,

श्यू वेन-ल्यांग
सिंचू, दि. २४ ऑक्टोबर, प्रजासत्ताक वर्ष ११४ (इ. स. २०२५)

सोबत :
(१) संदेशखिडकी उघडल्यापासून अर्ध्या तासात सापडलेले दोष : चार.
(२) हिरवा पुडा : जोडलेला नाही. चान मावशी देत नाहीत.