सव्वीस आठवड्यांचा कागद

१२ ऑगस्ट, मंगळवार

फुकटचा पगार! कोण देतं?

हळदीच्या कारखान्यातून ऑफिसातली पोरगी आलती. प्रियदर्शनी नाव. केस मोकळे, पायात बूट. माझी सून शिवकन्या तिथं हळद निवडते — निवडत व्हती. आता नऊ दिवसांची बाळंतीण. पोरगी म्हणते, "सव्वीस आठवडे घरी राहायचं, पगार चालू राहील. इथं सही करा."

मी म्हणलं, "आन् मालक आरती ओवाळणार का आमची?"

"मावशी, कायदाच आहे तसा."

कायदा! सही करू दिली न्हाई. म्हणलं ठेवून जा, वाचून बघते. ती गेल्यावर कागद ज्वारीच्या कोठीत टाकला. शिवकन्या कोठीकडंच बघत व्हती. तिचं ते बघणं बी मला पटत न्हाई.

१३ ऑगस्ट

कागद काढून वाचला. एकेक अक्षर लावून. मराठी बराबर लागलं. खाली बारीक इंग्रजी हाय. मारायचं असलं की बारीक अक्षरातच मारतात.

मला ठाऊक हाय ना! माझा लेक प्रभू झाला तवा मी कापसाच्या जिनिंगमधी कामाला व्हते, तिथनं असाच कागद आलता. सगळा इंग्रजी, गावात कोणाला येत न्हवतं. सासू गोजरबाई दारातच म्हणली, "नावानं कागद आला म्हंजे काढलं तुला." गेली माझी जागा. पुन्हा तिकडं फिरकले न्हाई. सव्वीस वर्षं झाली. तो कागद अजून लोखंडी पेटीत हाय, लुगड्यांच्या खाली. फेकवत न्हाई.

१४ ऑगस्ट

लेकरू पावणेदोन किलोचं. नर्सबाई आज पुन्हा बजावून गेली — "आईनं छातीशी धरून ठेवायचं. दर दोन तासाला पाजायचं. हिला कामाला धाडलं तर माझ्याशी गाठ हाय." 

प्रभू ट्रकवर, महिन्यातून एकदा तोंड दाखवतो. शिवकन्या कामाला गेली न्हाई तर तिची जागा दुसरी बाई धरते. गेली तर लेकरू —

लिहवत न्हाई.

शेतात निंदणाच्या टोळीत आमी काय करतो? घरातली एक आडवी पडली की दुसरी तिच्या बदली उभी राहते. जागा जात न्हाई. मग झालं तर! परवापासून मी जाते कारखान्यात. तिच्या नावावर.

१६ ऑगस्ट

गेले. सुपरवायझर विश्वंभर माझ्या माहेरगावचा. 

"अक्का, तुमी?"

"सुनेच्या बदली. नाव तिचंच लाव."

हसला. "हात चालले म्हंजे झालं. नाव कोणाचं बी असू द्या." रजिस्टरात शिवकन्या हजर.

दिवसभर वाकून हळकुंडं निवडली. शिंकले तर शेंबूड बी पिवळा!

२२ ऑगस्ट, पोळा

काल प्रियदर्शनी निवडणीच्या शेडमधी आलती. सरळ माझ्याकडं बघत व्हती. मी पदर पुढं ओढला. काहून बघून राहिली?

आज पुरण वाटता वाटता ऐकलं — शिवकन्या आत फोनवर. मी आले तसा फोन ठेवला.

"कोण व्हतं?"

"माहेरचं."

खोटं! माहेरी बोलताना हिचा आवाज गल्लीत ऐकू येतो. आज कुजबूज. ही आन् ती ऑफिसातली पोरगी, दोघी मिळून काहीतरी शिजवून राहिल्या. ही सही करून बसेल, आन् मी तिकडं हळद खात मरेन.

२४ ऑगस्ट

कागद कोठीतच हाय. दोनदा बघितलं.

१ सप्टेंबर, सोमवार

कामावरून येऊन पाय धुतले तोच प्रियदर्शनी दारात. शिवकन्या बाजेवर, लेकरू छातीशी. माझे हात कोपरापर्यंत पिवळे. कुठं लपवू?

"मावशी, रजिस्टरात ही रोज हजर. आणि ही तर इथं!"

"हजर हाय ना? मग तुमाला काय तकलीफ?"

"जी कामावर आहे तिला रजा कशी देणार? आणि बाळंतिणीला सहा आठवडे कामावर घ्यायचंच नाही, कायद्यानं. तुम्ही तिची जागा राखायला गेलात आणि तिची रजाच खाल्लीत."

माझ्या दारात उभी राहून मला!

म्हणलं, "मग जागा कोण राखणार? तू?"

"रजेवरच्या बाईला काढताच येत नाही, मावशी. जागा राखलेलीच असते."

आता शिवकन्या बोलली. "आत्याबाई, फोन करून मीच बोलावलं तिला. तुमाला सांगितलं असतं तर ऐकलं असतं का तुमी?"

न्हाई ऐकलं असतं. पण ते तोंडानं म्हणले न्हाई.

पोरगी म्हणली, "ते दिवस तुम्ही काम केलंत, एवढं लिहून द्या. बाकी मी बघते." लेकरू पीत व्हतं, चुटुचुटु. मी कोठीत हात घातला. कागदाला चिकटलेली ज्वारी झटकली आन् शिवकन्येच्या हातात दिला.

२ सप्टेंबर

लिहून दिलं. माझ्या अक्षरात — "सोळा तारखेपासून हळद निवडली ती मी, द्वारकाबाई. शिवकन्या घरीच होती."

विश्वंभर कानाशी आला. "अक्का, काहून लिहिलं? माझी बी नोकरी जाईल."

"हसत व्हतास तवा न्हाई सुचलं?"

ऑफिसवाले मला उद्यापासून येऊ नका म्हणले. ते ठाऊकच व्हतं.

८ सप्टेंबर

रजा मंजूर झाली म्हणे. बाळंतपणाच्या तारखेपासून सव्वीस आठवडे. लेकरू सव्वादोन किलो भरलं. ते काट्यावर डोळ्यानं बघितलं. पगाराचं — हाती पडेल तवा खरं.

११ सप्टेंबर

प्रियदर्शनी मंजुरीचा कागद द्यायला आली. पेटीतून माझा जिनिंगचा काढून तिच्यापुढं टाकला. म्हणलं, बघू तुझं इंग्रजी.

तिनं दोनदा वाचला. मग मराठीत सांगितलं — बाळंतपणासाठी बारा आठवडे पगारी रजा. त्यानंतर कामावर हजर व्हावे.

"मावशी, तुम्ही परत गेलाच नाहीत?"