दाराजवळ तू उभी राहा

जवाहरनगर,
बुधवार, १२ फेब्रुवारी २०१४

ती. सौ. कीर्तीताईस,
रंजिताचा नमस्कार.

इकडे सर्व ठीक आहे. खुशालभाऊजींना नमस्कार सांग, अंकुरला आणि रुपाला गोड पापा. रुपाचा हलणारा दात पडला का? आमच्या क्वार्टरसमोरच्या आंब्याला यंदा मोहर भरपूर आहे, पण माकडं काही ठेवतील असं वाटत नाही. बघ, आंबा झाला, माकडं झाली, मुद्द्यावर अजून आलेच नाही. घाबरले की मी अशीच बडबडते, तुला ठाऊक आहे.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. शेजारचे श्रावणभाऊ आज तुमच्या अड्याळला सासरी चाललेत, त्यांच्या हाती देते.

परवा, शुक्रवारी, नागपूरला माझं ऑपरेशन आहे. गर्भाची पिशवी काढायचं नाही, पिशवी ठेवून करायचं. तिथल्या डॉक्टर मॅडमनी कागदावर चित्र काढून समजावलं. नुसती गाठ असती तर सोलून काढता आली असती. माझ्या पिशवीचं आतलं अस्तरच भिंतीत शिरलंय. भिंत सुजून जाड झाली आहे, म्हणून दर महिन्याला तेवढं रक्त आणि त्या कळा. बाबांच्या हातमागावर कोशाच्या रेशमाचा धागा ताण्यात, उभ्या धाग्यांत, गुंतायचा, आठवतं? ओढला की शेजारचे दहा तुटायचे. तसंच काहीसं. बिघडलेला भाग कापायचा आणि उरलेली भिंत थराथराने शिवायची. याआधीच्या दोन डॉक्टरांनी सरळ पिशवी काढा म्हणून सांगितलं होतं. या मॅडम म्हणाल्या, करून बघू, पण शब्द देत नाही.

दिवाळीत तू म्हणालीस, "काहून जीव टांगून राहिली त्या पिशवीपायी? काढून टाक अन् मोकळी हो. माही काढली, मी मेली का?" मी म्हटलं, "तुले दोन लेकरं झाल्यावर काढली. तुले काय समजते?" त्यावर तू ताट सरकवून उठलीस ते आजतागायत बोलली नाहीस. मला अजून राग आहे. तुलाही असणार. तो असू दे, पण पत्र पुरतं वाच.

काल सासूबाई करडीहून आल्या. घरच्या धानाचे तांदूळ, नारळ, खण, सगळं घेऊन. ऑपरेशनला जाण्याआधी पाच जणींकडून ओटी भरायची म्हणे. मी म्हटलं, माझ्या बहिणीलाही बोलवा. तर म्हणाल्या, "जिची पिशवी काढली तिच्या हातची ओटी नको वं माय. अपशकून होते." माझं डोकंच फिरलं. ओटी भरायला जमलेल्या पाचही जणींच्या समोर म्हटलं, "मंग मले बी नका भरू. शुक्रवारी माही राहते का जाते, कोणाले ठाऊक?" ओटी भरणाऱ्या आनंदाबाईंच्या हातातला नारळ हातातच राहिला. सासूबाई रडायला लागल्या. ओटी मी घेतली शेवटी. नको म्हणायची छाती झाली नाही, ताई. वाटलं, खरंच काही झालं तर?

आता जे लिहायला बसले ते लिहिते.

मॅडम म्हणाल्या, "अगदी जिवावर आलं तर मी कुणाला विचारणार नाही, पिशवी काढीन. पण त्याआधी एक वेळ येऊ शकते. रक्त थांबत नसतं, अजून प्रयत्न करता येतो, पण धोका वाढत जातो. तेव्हा बाहेर येऊन विचारीन. काय सांगाल?" त्या माझ्याकडेच बघत होत्या. हे पटकन म्हणाले, "प्रयत्न सोडू नका, मॅडम." सासूबाई हो हो म्हणाल्या. आणि मीही मान डोलावली.

यांचं चुकलं नाही. दोन वर्षं मीच यांचं डोकं खाल्लं, पिशवी ठेवायची म्हणजे ठेवायची. हे बिचारे माझाच हट्ट सांभाळून राहिलेत. आता यांना कुठल्या तोंडाने सांगू? काल दोनदा बोलायला गेले आणि दोन्ही वेळा चहा टाकू का म्हणून विचारलं.

ताई, मला मरायची भीती वाटते. लेकरू मला पाहिजे, आजही पाहिजे, या क्षणाला पाहिजे. पण त्याच्याहून मला जगायचंय. हे मी आजवर कुणाला बोलले नाही, स्वतःलाही नाही.

उद्या नागपूरला भरती झाले की मॅडमना एकटीने गाठून सांगायचं ठरवलंय. पण सासूबाई बाथरूमपर्यंत सोबत येतात. आणि माझाच काय भरवसा, पुन्हा मान डोलवीन.

म्हणून शुक्रवारी तू ये. पहाटेच्या एस.टी.ने निघ. दवाखान्याचा पत्ता मागच्या बाजूला लिहिला आहे. हे आणि सासूबाई बाकावर बसतील, तू दाराजवळ उभी राहा. मॅडमनी बाहेर येऊन विचारलं तर हे म्हणतील, अजून थोडं बघा. तू बघू देऊ नकोस. मोठ्याने सांग, रंजिताने स्वतः सांगितलंय, काढा.

आणि तसं झालंच, तर शुद्धीवर आल्यावर मी तुला नाही नाही ते बोलेन. तुझ्यासारखी करून टाकलंस मला, असंही म्हणेन. म्हणू दे. उलट बोलू नकोस, पण दिवाळीसारखी उठूनही जाऊ नकोस.

तुझ्या भरवशावर,
रंजी