एका चार्जमध्ये एकशे ऐंशी किलोमीटर

३ जानेवारी, रविवार
ही वही फक्त गाडीसाठी. काल पहिल्यांदा नव्या इलेक्ट्रिक गाडीने हिला आणायला गेलो. हिला मेट्रन म्हणून बढती मिळाली, पण हॉस्पिटल इथून एकशे ऐंशी किलोमीटरवर. तिथे एका खोलीचं क्वार्टर. बसला पाच तास लागतात, म्हणून गेले तीन महिने ती पंधरा दिवसांतून एकदाच यायची. आता मी दर शनिवारी जाऊन घेऊन येणार. रविवारी परत बसने जाईन, असं तीच म्हणाली.
गाडी एका चार्जमध्ये दोनशे तीस जाते. पोचलो तेव्हा पन्नास शिल्लक. हॉस्पिटलसमोरच्या फास्ट चार्जरवर तासभर लावली आणि निघालो. ही सीट मागे पाडून घरापर्यंत झोपली. उतरताना म्हणाली, गाडी छान आहे हो, आवाजच नाही, डोळा कधी लागला कळलंच नाही.
हे वाक्य सकाळपासून डोक्यात आहे. नव्या गाडीत नवऱ्याशेजारी बसून माणूस साडेतीन तास झोपतं, म्हणजे गाडीत दम नाही. ती तोंडावर बोलणार नाही, तिचा स्वभाव नाही तो.
संकल्प : गाडीत जान आणायची.

१३ जानेवारी, बुधवार
ऑफिसातून सुटल्यावर कार डेकोरवाल्याकडे गेलो. जाणकार माणूस. गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, साहेब, कंपनीने तुम्हाला नुसता डबा दिलाय. मलाही नेमकं तेच वाटत होतं, फक्त शब्द सापडत नव्हता.
सतरा इंची अलॉय व्हील आणि रुंद टायर ठरले. रेंजवर परिणाम होईल का, विचारलं. म्हणाला, थोडा रुबाब वाढेल. उत्तर नीट लक्षात आलं नाही, पण विश्वास वाटला.

१८ जानेवारी, सोमवार
शनिवारी नव्या चाकांवर गेलो. हिने चाकं पाहिली. म्हणाली, मोठी आहेत. खूश झाली असावी.
आज ऑफिसात समोरच्या टेबलावरच्या मास्तरांना दाखवली. सगळ्यांच्या अर्जातलं शुद्धलेखन सुधारतात म्हणून त्यांना मास्तर म्हणतात. त्यांच्याकडे हीच गाडी, हाच रंग. सीटवरचं प्लास्टिकसुद्धा अजून काढलेलं नाही. कीव येते.
रेंज दोनशे पाच. थंडीमुळे.

३ फेब्रुवारी, बुधवार
मी इन्शुरन्स कंपनीत क्लेम विभागात आहे. गाडीत नाही नाही ते बदल करून मग क्लेम मागायला येणारे लोक रोज पाहतो. आजही एकाचा नाकारला. या लोकांचं चुकतं ते इथेच, की ते विचार न करता बदल करतात.
संध्याकाळी स्पीकर बसवला. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की खऱ्या इंजिनासारखी घरघर येते. शेजारचे काका गॅलरीत येऊन म्हणाले, सायलेन्सर फुटलाय वाटतं. अत्यंत नैसर्गिक आवाज आहे, याचा हा पुरावाच.

७ फेब्रुवारी, रविवार
काल ही वाटेत अजिबात झोपली नाही. योजना यशस्वी.
मात्र फारशी बोललीही नाही. मी आवाजाबद्दल विचारलं तेव्हा म्हणाली, चोवीस तास मशिनींचे आवाज ऐकते, आज वॉर्डात दोघं गेले, थोडा वेळ बंद ठेवता का. बंद करायचं बटण डेकोरवाल्याने दिलेलं नाही. मी हळू चालवली. तरी घरघरत होती, फक्त खालच्या पट्टीत.
संकल्प : बटण बसवून घेणे.

१७ फेब्रुवारी, बुधवार
बटणासाठी गेलो होतो. तिथे बकेट सीट पाहिली. शर्यतीच्या गाडीत असते तशी, दोन्ही बाजूंनी माणसाला धरून ठेवणारी. हिची सीट काढून ती बसवली. माझी जुनीच ठेवली, त्याग म्हणून. येत्या शनिवारी आमच्या लग्नाला बावीस वर्षं होतात. सरप्राइज.
बटण राहिलं.

२१ फेब्रुवारी, रविवार
सीट मागे पडत नाही. हे बसवताना ध्यानात आलं नव्हतं.
हिने काल दार उघडलं आणि उभीच राहिली. बारा तास पायांवर काढून आली होती. म्हणाली, माझी सीट कुठे गेली. मी म्हटलं, हीच तुझी, खास तुझ्यासाठी. मग ती बसली, म्हणजे दोन हातांनी दाराला धरून आत उतरली. घरी पोचल्यावर मी हात धरून बाहेर ओढली. बऱ्याच दिवसांनी हात धरला, तेवढं बरं वाटलं.
तिच्या कमरेला शेक दिला. सवय होईल.

४ मार्च, गुरुवार
डॅशबोर्डवर लाल दिवा लागून राहिलाय. सर्व्हिस सेंटरला गेलो. तिथल्या सुपरवायझर बाईंनी गाडी पाहिली, मग मला पाहिलं. म्हणाल्या, एअरबॅगची वायर जुन्या सीटमध्ये होती. चाकं, वायरिंग, सीट सगळं बाहेरचं. वॉरंटी संपली म्हणून समजा. मी त्यांना नियमातल्या पळवाटा समजावून सांगितल्या, क्लेम विभागातला अनुभव आहे. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि एक छापील कागद पुढे केला. असाच कागद मी लोकांना देतो. आमचा जास्त सुबक आहे.
रेंज एकशे ब्याण्णव. उन्हामुळे.

१७ मार्च, बुधवार
टपावर कॅरिअर, मागे पंखासारखा स्पॉयलर, दोन्ही बाजूंना लाल पट्टीदिवे. डेकोरवाला म्हणाला, आता गाडी पूर्ण झाली. रात्रंदिवस राबणारी बायको, तिला न्यायला अशी गाडी यावी, हॉस्पिटलच्या गेटवर चार माणसांनी बघावं. एवढंच माझ्या मनात आहे.
मास्तरांनी हिशोब करून सांगितलं, रुंद टायर, वजन आणि वारा मिळून तुम्ही एकशे सत्तरच्या पुढे जाणार नाही. त्यांना स्वतःची गाडी दोनशे चाळीस जाते याचा गर्व झालाय.

२१ मार्च, रविवार
एकशे अडुसष्ट.
हॉस्पिटल बारा किलोमीटरवर असताना गाडी थांबली. आधी घरघर थांबली, मग गाडी. हिला फोन केला. ती बॅग घेऊन गेटवर उभी होती. म्हटलं, टोइंगवाला निघालाय, तासाभरात येतो. तो तीन तासांनी आला. मधे हिचा फोन आला. म्हणाली, बसमध्ये आहे, आत्ताच तुमच्या शेजारून गेले, लाल दिवे लांबून दिसत होते. आवाजात राग नव्हता. राग असता तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं.
गाडी ओढून चार्जरला नेली, चार्ज केली, घरी आलो तेव्हा ती झोपली होती. आज मी उठलो तर बॅग भरत होती. विचारलं, बसमध्ये त्रास झाला का. म्हणाली, नाही, खिडकीजवळ जागा मिळाली, छान झोप लागली.

१० एप्रिल, शनिवार
ही म्हणाली, आता उगीच येत जाऊ नका, मी जमेल तसं येईन. बरोबर आहे, तिला माझी काळजी वाटते. मधल्या वेळात गाडी नीट करून घेईन. डेकोरवाल्याला जुनी चाकं परत मागितली. म्हणाला, ती तेव्हाच विकली, सीटही. डब्याला मागणी आहे म्हणे.

२४ एप्रिल, शनिवार
ही आली नाही. मागच्या शनिवारीही नाही.
हळू चालवून सराव करतोय. ताशी पंचेचाळीस, एसी बंद, काचा बंद, घामाने निथळत. एकशे ब्याऐंशीपर्यंत गेली. फोनवर हिला आकडा सांगितला. ती म्हणाली, तुमच्याशी बोलायचं होतं. तिने बदली कायम करून मागितली होती, ती मंजूर झाली. दोन खोल्यांचं क्वार्टर मिळतंय.
मी विचारलं, दोन खोल्या म्हणजे आपल्या दोघांसाठी का. म्हणाली, नाही हो, एकीत सामान राहील.
हे कधी ठरलं, ते विचारलं नाही. फेब्रुवारीत ठरलं, असं म्हणाली असती.

९ मे, रविवार
काल गाडी खरोखर उपयोगी पडली. टपावरच्या कॅरिअरवर हिचं लोखंडी टेबल, मागे कपड्यांच्या तीन पेट्या, पुस्तकं, शिवणयंत्र. बकेट सीटवर तिचा आरसा ठेवला. सीटने घट्ट धरून ठेवला, जरासुद्धा हलला नाही.
ही सामान बांधून पुढे बसने गेली होती. मी पंचेचाळीसने चालवत राहिलो. मागून लोक हॉर्न देत होते, देऊ दिले. एका चार्जमध्ये पोचलो. तीन किलोमीटर शिल्लक.
सामान दोघांनी मिळून वर नेलं. खोल्या चांगल्या आहेत, हवेशीर. तिने चहा केला. म्हणाली, गाडीने काम केलं हो, बरं झालं. मग तिची ड्यूटीची वेळ झाली. माझी गाडी चार्जवर होती, म्हणून आधी तीच निघाली.
संध्याकाळी परत निघालो. गाडीत कोणी नाही, टपावर काही नाही. पडद्यावर रेंज आली दोनशे एक.

१० मे, सोमवार
मास्तरांनी विचारलं, किती गेली. सांगितलं, दोनशे एक. म्हणाले, मग सुधारली की.
हो म्हटलं.